सिराजभाईंची पिशवी

माझ्या पर्समध्ये एक चपटी डबी असायची. मुळात कुंकवाची. आत ओल्या कापसाचा बोळा, कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड आणि घडी घातलेली प्लॅस्टिकची पिशवी. हळदीकुंकवाला जा, मुंजीला जा, डबी बरोबर. कुणाच्या कुंपणावर वेगळी वेल दिसली की माझे हात शिवशिवायला लागायचे. आता तुम्ही नाक मुरडाल. मुरडा खुशाल! पण पुण्यात बागेचा नाद लागलेल्या दहा बायकांच्या पर्सा उपड्या करा, सहांमध्ये तरी हे सामान निघेल. मनीप्लँट तर म्हणे चोरूनच आणायचा असतो, मागून आणला तर लागत नाही. हे शास्त्र कुणी काढलं देव जाणे, पण आम्हाला फार सोयीचं होतं.

मला खरं सांगायचंय ते सिराजभाईंबद्दल. डबी मध्ये येते म्हणून आधी सांगून टाकली. ती वगळून सांगता आलं असतं तर कधीच सांगून मोकळी झाले असते.

सिराजभाई कलमं बांधायचे. घोरपडे पेठेत त्यांचं आजोबांपासूनचं घर आणि आजोबांपासूनचा हाच धंदा. उंच, किडकिडीत, मेंदीने लाल झालेली दाढी, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांना माळी म्हटलेलं खपायचं नाही. "ताई, माळी पाणी घालतो. मी दोन झाडांचं लग्न लावतो," असं म्हणायचे आणि वर स्वतःच हसायचे. काळी सायकल, हँडलला खाकी पिशवी. पिशवीत हाडाच्या मुठीची सुरी, धार लावायचा दगड, डेटॉलची बाटली आणि दुधाच्या पिशव्या धुऊन कापलेल्या पट्ट्या. बाजारात कलमाच्या तयार पट्ट्या मिळतात, पण यांचा भरवसा दुधाच्या पिशवीवर. गुलाब म्हणू नका, लिंबू म्हणू नका, त्यांनी बांधलेलं कलम सहसा मरायचं नाही.

माझी त्यांची ओळख झाली ती बँकेतून व्हीआरएस घेतल्यावर. बँकेत कॉम्प्युटर आले. साहेब म्हणाले, शिका. चोवीस वर्षं लेजर लिहिणाऱ्या बाईला कालचं पोर 'माऊस असा धरा' म्हणून शिकवायला लागलं, तेव्हा मी म्हटलं, ठेवा तुमचा उंदीर, आणि घरी बसले. हा माझा स्वभाव. सहकारनगरला आमचा तळमजल्याचा फ्लॅट, मागे दोन खोल्यांएवढी मोकळी जागा, तिथे बाग करायला घेतली. आमचे हे, श्यामसुंदर, म्हणाले, "बरं झालं. आता झाडांवर ओरड, ती उलट बोलत नाहीत."

सिराजभाईंची एक पद्धत होती. काम संपलं की ते गेटपाशी थांबायचे आणि पिशवी उलटी करायचे. अगदी झटकून. सुरी, दगड, बाटली, पट्ट्या, जेवणाचा डबा, सगळं फरशीवर. मग एकेक वस्तू उचलून परत आत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, हे काय? मी काय जकात नाक्यावर बसलेय?"

"तुमच्यासाठी नाही, ताई. वडिलांची सवय आहे," ते म्हणाले. "आम्ही दिवसात पाच बागांत जातो. एका बागेतलं पान दुसऱ्या बागेत न्यायचं नाही आणि एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात बोलायची नाही. गोष्ट नाही नेली हे कसं दाखवणार? म्हणून पिशवी दाखवायची."

फांदी कशी कापायची तेही मला त्यांनीच शिकवलं. डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, खाली, तिरका काप, ब्लेड दाबायचं नाही, ओढायचं, एका झटक्यात. त्यांना वाटायचं मी माझीच झाडं कापते. मीही कधी खुलासा केला नाही.

ही गोष्ट २००३ सालची. सिराजभाई तेव्हा त्रेपन्न-चोपन्नचे असतील. गुडघे बोलायला लागले होते. घोरपडे पेठेतून औंधपर्यंत सायकल मारायची, उकिडवं बसून चार कलमं बांधायची आणि उठताना झाडाचा नाही तर भिंतीचा आधार घ्यायचा. घरी बायको कमरजहां, मुलगा नबील अजून शिकत होता. आणि त्याच वर्षी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पगाराची नोकरी मिळायची वेळ आली होती. हिंजवडीला एका कॉम्प्युटर कंपनीचं मोठं आवार उभं राहत होतं आणि तिथल्या बागेवर देखरेखीला जाणता माणूस हवा होता. महिन्याचा पगार, फंड, न्यायला-आणायला बस. कंपनीतला मोठा साहेब आमच्या रावसाहेबांचा भाचा. रावसाहेबांनी शिफारशीची चिठ्ठी दिली की काम झालं, इतकं ते ठरलेलं होतं. सिराजभाई माझ्या लिंबापाशी बसून म्हणाले होते, "ताई, कमरजहां रोज विचारते, चिठ्ठी मिळाली का. मी म्हणतो, साहेब बागफेरी झाल्यावर देतो म्हणालेत."

रावसाहेब म्हणजे आमच्या बागप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर, प्रभात रोडला बंगला, जास्वंदीचं वेड. एका जास्वंदीचे पराग दुसरीवर टाकायचे, बी धरायचं, रोपं करायची आणि दोन-दोन वर्षं फुलाची वाट बघायची, असं त्यांचं चाललेलं असायचं. बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या एका रोपाला असं फूल आलं की बघणारा गप्प व्हायचा. पावसाळी ढगासारखा राखाडी जांभळा रंग, पाकळ्यांच्या कडेला बारीक शेंदरी रेघ. त्यांनी त्या जास्वंदीला बायकोचं नाव दिलं, राधा.

दिवाळीत मी त्यांच्याकडे राधाची एक फांदी मागितली होती. रीतसर, तोंडाने मागितली होती. तर चारचौघांत म्हणाले, "हेमाताई, राधा म्हणजे मनीप्लँट नव्हे." सगळे हसले. म्हणजे माझी डबी मंडळात माहीत होती तर! मी पण हसले, पण आतून अशी पेटले की घरी येऊन यांच्यावर विनाकारण ओरडले.

आमची बागफेरी फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी असते. बस करायची, चाळीस माणसं, सहा घरच्या खाजगी बागा. एरवी ज्यांच्या गेटवर 'कुत्र्यापासून सावध' असतं ते लोक त्या दिवशी कोकम सरबत घेऊन उभे असतात. रावसाहेबांचा बंगला चौथा होता. व्हरांड्यात स्टुलावर राधाची कुंडी, शेजारी फुलाचा मोठा फोटो, कारण त्या दिवशी झाडाला फूल नव्हतं. सिराजभाईही होते. लोकांना कलमांबद्दल माहिती द्यायला रावसाहेबांनी त्यांना बोलावलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. सगळी मंडळी मागच्या ऑर्किडकडे वळली आणि मी चपलेचा बंद लावायच्या निमित्ताने स्टुलाजवळ वाकले. कुंडीतल्या चार फांद्या साध्या हिरव्या, मधली वीतभर काडी मात्र वेगळ्या पानाची. तीच राधा, हे मला कळलं. डोळ्याच्या खाली, तिरका काप, एका झटक्यात. सरबत प्यायले आणि बसमध्ये जाऊन बसले. खोटं कशाला सांगू, पाचव्या आणि सहाव्या बागेत मी मनातल्या मनात नाचत होते.

ती काडी फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात ठेवली. अशी संकरित जास्वंद नुसती मातीत खोचून लागत नाही, गावठी जास्वंदीच्या खुंटावर तिचं कलम बांधावं लागतं. आणि कलम बांधणारा मला माहीत असलेला माणूस एकच. माझी अक्कल बघा! मंगळवारी सिराजभाई माझ्या लिंबासाठी आले तेव्हा मी ते फडकं त्यांच्यापुढे उलगडलं आणि म्हटलं, "सांगलीच्या बहिणीने पाठवलीय. तेवढी बांधून द्या."

हे गॅलरीत पेपर वाचत होते. पेपर जरासा खाली आला आणि परत वर गेला. मला बहीण नाही. एक भाऊ आहे, तोही नागपूरला.

सिराजभाईंनी काडी हातात घेतली. पान उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. मग बराच वेळ कापलेलं टोक बघत बसले. एरवी हा माणूस कामाबरोबर अखंड बोलायचा. त्या दिवशी एवढंच विचारलं, "कधी कापली?"

"रविवारी."

"काप चांगला आहे," ते म्हणाले.

मला वाटलं माझं कौतुक केलं. माझ्याकडे गावठी जास्वंदीची एक कुंडी होती, तिचा शेंडा उडवून त्यांनी खुंट केला, काडीला पाचरीसारखी तासली, खुंटात बसवली आणि दुधाच्या पिशवीच्या पट्टीने घट्ट बांधली. वर प्लॅस्टिकची पिशवी घातली. "सावलीत ठेवा. पंधरा दिवस हात लावू नका. आजचा दिवस गेला असता तर ही वाचली नसती," म्हणाले. गेटपाशी नेहमीप्रमाणे पिशवी उलटी केली. मीही नेहमीप्रमाणे म्हटलं, "अहो, राहू द्या हो." त्यांनी एकेक वस्तू उचलली आणि दर वेळी माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही.

कळलं दुसऱ्या दिवशी. बुधवारी संध्याकाळी रावसाहेबांच्या बंगल्यावर मंडळाची बैठक होती. मी आत शिरले तर टेबलावर ती कुंडी.

रावसाहेब म्हणाले, "राधाचं मूळ झाड पावसाळ्यात मुळं कुजून गेलं. जाण्याआधी सिराजने तिची एक काडी काढून या गावठी खुंटावर बांधली होती. जगात राधाची ही एकच काडी होती. बाजूच्या फांद्या गावठीच्या. रविवारी कुणीतरी ती काडी नेली. खाली एक डोळासुद्धा ठेवला नाही."

मी हाताला लागली ती खुर्ची ओढून बसले. एकच! मला वाटलं होतं, फांदी खुडली तर झाडाचं काय जातं. देवाशपथ सांगते, एकच आहे हे मला माहीत नव्हतं. पण त्या क्षणी तर माहीत झालं होतं ना? काडी माझ्या घरी जिवंत होती, कालच बांधलेली. तोंड उघडायचं, एवढंच काम होतं.

"काप बघा," रावसाहेबांनी कुंडी फिरवली. "तिरका, स्वच्छ, एका झटक्यात. हा हौशी हात नव्हे. सोमवारी सिराजला विचारलं तर म्हणाला, मला माहीत नाही. काल संध्याकाळी परत बोलावून विचारलं तर म्हणाला, मी घेतली नाही, पण कुणी घेतली ते सांगू शकत नाही. सोमवारी माहीत नव्हतं आणि मंगळवारी सांगता येत नाही? नर्सरीवाल्याला विकली असणार. मी काय दूधखुळा आहे?"

काल संध्याकाळी. म्हणजे दुपारी माझ्याकडे कलम बांधून सिराजभाई तिथे गेले होते. त्या माणसाला साधं खोटंही बोलता आलं नाही, पुन्हा एकदा 'माहीत नाही' म्हणाले असते तर सुटले असते. आणि माझं नावही घेतलं नाही, कारण एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात बोलायची नाही. हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या लख्ख समजलं आणि मी मूग गिळून बसले.

मंडळाच्या चिटणीस नम्रता म्हणाल्या, "ते गेटवर पिशवी उलटी करायचं नाटक मला पहिल्यापासून खटकायचं." मग माझ्याकडे वळून, "हेमाताई, तुमच्याकडेही येतो ना तो?"

आता जे सांगतेय ते मी यांनासुद्धा कित्येक वर्षं सांगितलं नाही. नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणाले, "येतो. पण मी डोळ्यांत तेल घालून उभी असते."

माना डोलल्या. सिराजला कुणी कामाला बोलवायचं नाही असं ठरलं. भाच्याला चिठ्ठी जाणार नाही, असं रावसाहेबांनी सांगितलं. मी बाहेर पडले तेव्हा रस्त्याच्या पलीकडे काळी सायकल दिसली. सायकल धरून उभा असलेला माणूसही दिसला. मी रिक्षात बसले, पर्समध्ये काहीतरी शोधतेय असं दाखवलं आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "चला, चला लवकर."

सिराजभाई परत आमच्याकडे आले नाहीत. मी बोलावलंही नाही. कुठल्या तोंडाने बोलावणार? हिंजवडीची ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. सिराजभाई सोलापूर रस्त्याच्या एका नर्सरीत दिवसभर उकिडवं बसून कलमं बांधतात, असं कुणीतरी सांगितलं. मग गुडघ्यांनी तेही सुटलं, असं ऐकलं.

कलम मात्र लागलं. पुढच्या वर्षी, डिसेंबरात, सकाळी चहाचा कप घेऊन मागे गेले तर राधा उमललेली. ढगाचा रंग, शेंदरी रेघ. मी तिथेच पायरीवर बसून रडले. हे मागून आले, फुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सांगलीच्या बहिणीला कळव, फूल आलं म्हणून."

असं सुंदर फूल आणि कुणाला दाखवायची सोय नाही! मंडळातलं कुणी घरी येणार असलं की मी ती कुंडी उचलून मोरीत ठेवायची. आमची बाग फेरीच्या यादीत घ्यायची म्हणून तीन वेळा निरोप आला. तीन वेळा मी कंबर दुखतेय म्हणून सांगितलं. बागफेरीला जाणं मात्र सोडलं नाही, न गेले तर लोक काय म्हणतील, ही भीती. डबी पर्समध्येच पडून होती. ती मी उघडत नव्हते, बस. सुधारले वगैरे काही नव्हते, फक्त घाबरले होते.

अशी पाच वर्षं गेली. २००८ च्या जानेवारीत आमचा अभिनव, तो तेव्हा अमेरिकेत नोकरीला होता, फोनवर म्हणाला, "आई, वेबकॅम घे, मग आपण बघून बोलू." आता त्या उंदराशी सलगी करणं भाग होतं. बुधवार पेठेत गेले. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानांची रांग, त्यातल्या एका छोट्या दुकानात शिरले आणि गल्ल्याशेजारच्या स्टुलावर सिराजभाई. दाढी पांढरी झालेली, मेंदी सोडली होती. काउंटरवर नबील. कोपऱ्यात एका बरणीत कसलीशी कटिंगं पाण्यात ठेवलेली.

"या ताई," ते म्हणाले. जसं काही गेल्या आठवड्यात भेटलो होतो. "नबील, ताईंना चांगला कॅमेरा दाखव. राधा कशी आहे?"

दुकानात गर्दी होती. मी तिथेच, वायरींच्या भेंडोळ्यांमध्ये उभी राहून म्हटलं, "सिराजभाई, तुम्ही तेव्हा तिथल्या तिथे का नाही बोललात? माझ्या तोंडावर बोलला असता!"

"बोललो असतो तर तुम्ही घाबरून काडी कचऱ्यात टाकली असती. दोन दिवसांची तोडलेली. आधी ती बांधायला हवी होती."

"आणि नंतर? बैठकीच्या वेळी तुम्ही बाहेरच होतात."

"हो. साहेबांनी निकाल ऐकायला बोलावलं होतं." त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. "खरं सांगू का ताई, मला काही काळजी नव्हती. तुम्हाला आत जाताना मी बघितलं होतं. कमरजहांला घरी सांगून आलो होतो, हेमाताई आहेत, त्या सांगतील, चिठ्ठी घेऊनच येतो. तुम्ही बाहेर आलात, रिक्षात बसलात, तोपर्यंत मला तसंच वाटत होतं."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दुकानात कळलं. मी त्यांना म्हटलं, मी आता सांगते, सगळ्यांसमोर सांगते, तुम्ही बरोबर चला. रावसाहेबांचा बंगला पाडून तिथे सात मजली इमारत होणार होती, यंदाची बागफेरी त्यांच्याकडची शेवटची होती.

"मी त्या गेटच्या आत येणार नाही," सिराजभाई म्हणाले. "बाहेर उभा राहीन. मागच्यासारखा."

फेरीच्या दिवशी राधा फुलली होती. दोन फुलं. कुंडी मांडीवर घेऊन मी रिक्षाने प्रभात रोडला गेले. हे बरोबर येतो म्हणाले होते, मी नको म्हटलं. पलीकडे सिराजभाई उभे होते, सायकल नव्हती, नबीलने मोटरसायकलवरून आणून सोडलं होतं. ते मला दिसले आणि मी या वेळी मान वळवली नाही.

आत चाळीस माणसं. निम्मी नवीन, हिंजवडीतली पोरं-पोरी, गळ्यात कॅमेरे. रावसाहेब पंच्याऐंशीचे, काठी घेऊन खुर्चीत. मी कुंडी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "रावसाहेब, ही राधा." लोकांना वाटलं मी काही भेट आणली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका पोरीने फोटो काढला.

"टाळ्या नका वाजवू," मी ओरडलेच. "ही मी चोरलेली आहे. पाच वर्षांपूर्वी याच व्हरांड्यातून. आळ सिराजभाईंवर आला आणि मी इथे बसून ऐकलं. वर म्हणाले, मी डोळ्यांत तेल घालून उभी असते. त्या माणसाची नोकरी माझ्यामुळे गेली."

टाळ्या थांबल्या. नम्रताबाई जमिनीकडे बघायला लागल्या. रावसाहेबांनी फुलाकडे बघितलंच नाही. वाकून त्यांनी बुंध्यावरच्या जोडावर अंगठा फिरवला.

"हा जोड सिराजचा," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे त्याला माहीत होतं."

"हो. काडी मेली असती म्हणून त्यांनी बांधली. बाकी मी सांगेन, अशा भरवशावर ते राहिले."

रावसाहेब उठले. काठी टेकत गेटपर्यंत गेले, त्यांना बराच वेळ लागला आणि आम्ही सगळे मागे. गेटाची कडी त्यांनी स्वतः काढली. आयुष्यभर सिराजला 'ये' म्हणणारा माणूस म्हणाला, "सिराजभाई, आत या. माझी चूक झाली."

सिराजभाई रस्ता ओलांडून आले, पण उंबऱ्याशी थांबले. "साहेब, इथेच बरा आहे. पायऱ्या झेपत नाहीत," म्हणाले. कुणीतरी कुंडी त्यांच्यापाशी आणली. त्यांनी फुलं पाहिली, मग खाली बोट नेऊन खुंटाला फुटलेला एक कोंब नखाने काढून टाकला. "हा ठेवला तर राधाला जोर राहणार नाही," त्यांनी रावसाहेबांना सांगितलं. हिंजवडीचा विषय कुणी काढला नाही. काढून उपयोग नव्हता. अठ्ठावन्न वर्षांच्या, गुडघे गेलेल्या माणसाला आता कोण नोकरी देणार होतं?

मी जायला निघाले. गेटपाशी मला काय वाटलं कोण जाणे. म्हणजे मला माहीत आहे काय वाटलं. वाटलं, आपण आता सगळं कबूल केलंय, आता आपण सिराजभाईंसारखं काहीतरी करावं. मी पर्स उघडली आणि सगळ्यांदेखत, गेटच्या फरशीवर, झटकून उलटी केली. किल्ल्या, रुमाल, चष्म्याचं घर, रिक्षाचे सुटे. आणि ती चपटी डबी. तिचं झाकण उघडून वाळका कापूस घरंगळला आणि ब्लेड कागदातून सुटून टणकन सिराजभाईंच्या पायापाशी जाऊन पडलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सिराजभाई गेटाला धरून, एक गुडघा टेकत, मोठ्या कष्टाने खाली वाकले. मी म्हणत होते, अहो राहू द्या, मी घेते. त्यांनी ब्लेड उचललं, अंगठ्याच्या नखावर हळूच लावून पाहिलं.

"गंजलंय, ताई. धार गेलीय," ते म्हणाले. "असल्या ब्लेडने कापू नका, फांदी चिरडते." आणि ते त्यांनी माझ्यापुढे धरलं. चाळीस माणसं बघत होती. मी ते घेतलं.